पाटण मोहीम : लपलेल्या राक्षसांची चाहूल (प्रकल्प नोंदी)

४ मे २०२५, चाळीसगाव

आजपासून काम सुरू. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकून टेबलावर खेळायच्या कथाखेळात जादूनं लपलेले राक्षस शोधण्याचे नियम मराठीत, आमच्या टेबलाला सरळ वापरता येतील असे मांडायचे, आणि ते पारखायला एक मोहीम, म्हणजे सलग चालणारी कथा, लिहायची. मोहिमेची जागा आपलं पाटणादेवीचं खोरं, काळ यादवांचा.

पायाला पाचव्या आवृत्तीचा ५.१ हा नियमसंच. जानेवारी २०२३ मध्ये तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, त्यामुळे श्रेय देऊन त्याचं भाषांतर करता येतं, त्यात आपली भरही घालता येते. नवा ५.२ सुद्धा आलाय. पण सगळ्यांचे कॅरेक्टर शीट जुन्या नियमांवर आहेत, आणि मला जे तीन राक्षस घ्यायचेत त्यांतला निदान एक जुन्या नियमांत शोधायला जास्त अवघड आहे. अवघड तेच हवंय.

खेळाडूंत दादा, वहिनी, भाची आणि सर; खेळ चालवणारी, म्हणजे डीएम, मी. सध्या आमच्याकडे शोध कसा चालतो? खेळाडू म्हणतो, "पर्सेप्शन टाकतो," म्हणजे आजूबाजूचं टिपण्याच्या कौशल्याचा फासा. फासा पडतो. आकडा मोठा आला की मी सांगते, झाडामागे कुणीतरी आहे. लहान आला की सांगते, काही दिसत नाही. दुसऱ्या वेळी तर सगळ्यांनाच कळतं की काहीतरी होतं, फासा तेवढा वाकडा पडला. भीती नाही आणि विचारही नाही. लपलेला राक्षस समोर येतो तेव्हाच खरं तर खेळाडूला आजूबाजूचं जग नीट वाचावं लागतं. तो प्रसंग एका आकड्यावर उरकणं मला पटत नाही.

ठरवलंय ते असं: जादू काय लपवते आणि काय लपवू शकत नाही, हे राक्षसागणिक आधी लिहून ठेवायचं. सेशनच्या वेळी डीएमनं ती चाहूल फासा न टाकता सांगायची. अर्थ लावायचा खेळाडूंनी.

११ मे

दिवसभर नियम वाचले. 'लपलेला' म्हणून आपण सगळ्यांना एका दावणीला बांधतो, पण आत बरेच वेगवेगळे प्रकार आहेत.

अदृश्य असणं हा एक. अंग जागेवर असतं, दिसत नाही इतकंच. दुसऱ्या पातळीचा इन्व्हिजिबिलिटी मंत्र तासभर टिकतो, पण अदृश्य झालेल्यानं हल्ला केला किंवा मंत्र टाकला की तुटतो. चौथ्या पातळीचा ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी मिनिटभरच चालतो, पण हल्ल्यानं तुटत नाही. भ्रमाचं सोंग हा दुसरा प्रकार: अंग मूळचंच, वरून दुसरं रूप पांघरलेलं. डोळा फसतो, हात फसत नाही. डॉपेलगँगर या रूपबदल्या राक्षसाचं याच्या उलट. त्याचं शरीरच खरोखर बदलतं, त्यामुळे हात लावून काही उमगत नाही. फेज स्पायडर हा कोळी तर आपल्या लोकातच नसतो, शेजारच्या ईथरियल लोकात सरकलेला असतो. राख टाका, कान लावा, उपयोग शून्य. अदृश्य दाखवणाऱ्या सी इन्व्हिजिबिलिटी मंत्राला मात्र त्या लोकातलंही दिसतं, हे पुष्कळ जण विसरतात.

वस्तूचं रूप घेणाऱ्या मिमिकमध्ये जादूचा लवलेशही नाही. तो निश्चल बसला की खऱ्या पेटीपासून वेगळा ओळखूच येत नाही. जादू हुंगणारा विझर्ड, म्हणजे जादूगार, निर्धास्तपणे कडीला हात घालतो, आणि हात चिकटतो.

या सगळ्यात माझ्या कामाचं मूळ एका ओळीत सापडलं. 'अदृश्य' या अवस्थेच्या व्याख्येतच म्हटलंय की अशा प्राण्याची जागा त्याच्या आवाजावरून किंवा त्यानं सोडलेल्या खुणांवरून कळू शकते. म्हणजे अदृश्य असणं आणि दडून बसणं या दोन निराळ्या गोष्टी. दडायचं असेल तर त्याला वेगळी कृती खर्चून स्टेल्थ, म्हणजे लपण्याच्या कौशल्याचा फासा, टाकावा लागतो. तो टाकला नसेल, तर त्याच्यावर बाण मारता येतो. नेम अवघड होतो, दोन फासे टाकून त्यातला लहान धरावा लागतो, एवढंच. आमच्या टेबलावर आजवर "दिसत नाही म्हणजे कुठे आहे तेच माहीत नाही" असं चालत आलं. ते बंद.

१८ मे

डिटेक्ट मॅजिक. पहिल्या पातळीचा, खेळाडूंच्या जवळजवळ प्रत्येक टोळीकडे असलेला मंत्र, आणि सगळ्यात जास्त वाद यावरच होतात.

टाकणाऱ्याला ३० फुटांच्या आत जादू आहे याची जाणीव होते. मग एक कृती खर्चून तो जादू असलेल्या प्राण्याभोवती किंवा वस्तूभोवती फिकट प्रभा पाहू शकतो, पण तो प्राणी किंवा ती वस्तू दिसत असेल तरच. अदृश्य माणसाभोवतीची प्रभा दिसणार नाही. म्हणजे उत्तर मिळतं ते एवढंच: "इथे कुठेतरी जादू आहे." त्यात टोळीतल्या दादाची तलवार जादूची, वहिनींची अंगठी जादूची, ती जाणीव तर कायमच होत राहणार. म्हणून मी नियम लिहिला की मंत्र टाकताना विझर्डनं आपल्या माणसांना ३० फुटांच्या बाहेर उभं करायचं, नाहीतर मी एकच सांगणार, "हो, आहे." भाचीला हा नियम फार आवडला. एकटीनं अंधारात पुढे जायचं आणि बाकीच्यांनी मागे थांबायचं, यातच अर्धी भीती तयार होते.

आडोसेही ध्यानात ठेवायचे. एक फूट दगड, एक इंच साधा धातू, शिशाचा पातळ पत्रा, तीन फूट लाकूड किंवा माती, यांच्यापलीकडे हा मंत्र पोचत नाही. हेमाडपंती देवळाच्या भिंती याहून कितीतरी जाड. गाभाऱ्यात कुणी असेल तर सभामंडपातून कळणार नाही. मोहिमेचा नकाशा काढताना याचा मोठा आधार होईल.

२५ मे

राखेचा प्रयोग. पावलांचे ठसे उठवायला पीठ किंवा राख टाकतात असं सगळे म्हणतात, पण ते खरंच कसं दिसतं हे पाहिल्याशिवाय नियम लिहायचा नव्हता.

पऱ्हाटी जाळून झालेली चुलीतली राख मैद्याच्या चाळणीनं चाळली आणि ओसरीच्या शहाबादी फरशीवर पातळ पसरली. भाची अनवाणी चालली, मग चपला घालून, मग ओल्या पायांनी. वरची ट्यूबलाइट लावून पाहिलं तर अनवाणी ठसे जवळपास दिसेचनात, नुसता राखाडी पट्टा. लाइट बंद करून कंदील फरशीला टेकवून धरला आणि एकदम सगळं उठलं: टाचेचा खळगा, अंगठ्यापुढे सरकलेली राखेची बारीक कड, मधली बोटं जिथे जेमतेम टेकली तिथले ठिपके. चपलेचा ठसा दोन्ही उजेडांत दिसला. ओल्या पायानं राख उचलली गेली आणि पुढच्या कोऱ्या फरशीवर पाच-सहा पावलांपर्यंत तिचे ठिपके पडत गेले. मागच्या खोलीतल्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर राखेचा रंगच मिसळून गेला, तिथे कंदील खाली धरूनही विशेष काही हाती लागलं नाही.

यातून नियम असे. राखेची एक थैली दहा फूट चौकोन भरते, पसरायला एक कृती लागते. मशाल किंवा कंदील जमिनीलगत धरणारा कुणी असेल तर ठसे शोधणाऱ्याला अनुकूलता, म्हणजे दोन फासे, मोठा धरायचा. उजेड फक्त वरून असेल तर साधा फासा. आणि ठसा राक्षस कुठे होता ते सांगतो, आता कुठे आहे ते नाही. राखेत पाऊल पडतानाच कुणी पाहत असेल, तरच जागा पक्की.

कंदील धरणाऱ्याचा हात गुंतलेला राहतो, त्याला ढाल धरता येत नाही. हे मला फार हवं होतं. शोधायचं असेल तर कुणीतरी उघडं पडलंच पाहिजे.

८ जून

रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जमलो, वीज गेलेलीच होती. सरांच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि दादा त्यांच्याभोवती अनवाणी फिरला. सरांनी दिशा बहुतेकदा बरोबर दाखवली, अंतर मात्र चुकत राहिलं. दादा लांब असताना ते "इथेच आहे" म्हणायचे. मग वहिनींचेही डोळे बांधून त्यांना धाब्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. दोघांनी बोट दाखवलं आणि भाचीनं जमिनीवर दोन सुतळ्या त्या दिशांनी ताणल्या. सुतळ्या जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथून दादा हातभर अंतरावर उभा.

दुसरा नियम इथेच मिळाला. एकट्यानं ऐकलं तर दिशा कळते, नकाशावरचा नेमका चौकोन नाही. एकमेकांपासून किमान ३० फुटांवर असलेल्या दोघांनी एकाच फेरीत ऐकलं तर चौकोन कळतो. मोहिमेतल्या पाटणच्या मठात गणित शिकणारी मुलं आहेत, त्यांच्या तोंडी ही युक्ती शोभेल.

१५ जून

पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे फासा न टाकता आपसूक लागणारी चाहूल. १० अधिक कौशल्याची बेरीज; अनुकूलता असेल तर ५ वाढवायचे, प्रतिकूलता असेल तर ५ वजा. अंधुक उजेडात डोळ्यांनी शोधायला प्रतिकूलता असते. डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात पाहणारी दृष्टी, असलेल्यांना काळोख अंधुक उजेडासारखा दिसतो, म्हणून तेही या वजाबाकीतून सुटत नाहीत. मशाल न पेटवता चालणारी एल्फांची टोळी स्वतःला हुशार समजते आणि ५ गमावून बसते. हे टेबलावर मोठ्या अक्षरांत चिकटवलं.

२२ जून

दुसऱ्या राक्षसाचा दिवस: ग्रीन हॅग. जंगलात राहणारी, दुष्ट, माणसाचं सोंग घेणारी. तिचा भ्रम नुसत्या पाहण्यानं ओळखायचा तर एक कृती खर्चून इन्व्हेस्टिगेशनमध्ये, म्हणजे तपासाच्या कौशल्यात, २० गाठावे लागतात. हात लागला तर मात्र खरखरीत कातडी लगेच कळते.

नावासाठी पहिल्यांदा सरांनी 'डाकीण' सुचवलं. खानदेशात हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. मी नको म्हटलं आणि त्यावर बराच वेळ बोलणं झालं. नंदुरबारकडे सातपुड्याच्या पाड्यांवर जित्याजागत्या बायांना डाकीण ठरवून मारहाण झालेली आहे, त्यांना गावाबाहेर काढलेलं आहे, जीवही घेतलेले आहेत. राज्यानं २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्या भागात अजून काम करतात. आणि आम्ही इथे टेबलावर काय करणार? गावातल्या म्हातारीवर संशय घेणार, तिला हात लावून पाहणार, कातडी खरखरीत लागली की तलवार उपसणार. नियमांत ते अगदी बरोबर बसतं. म्हणूनच ते नको. खेळात आपण जे पुन्हा पुन्हा करतो ते मनात मुरतं, आणि आमच्या टेबलावर शाळेतली मुलंही बसतात.

तेव्हा दोन गोष्टी कायमच्या ठरल्या. आमची हॅग बाईचं सोंग घेणार नाही. ती सारंगखेड्याच्या बाजूनं आलेल्या घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या रूपात येईल. तिच्या अंगकाठीचं कुठलंही माणसाळ रूप तिला घेता येतंच. तिला नावही लोककथेतलं न देता 'हिरवट' एवढंच. आणि दुसरं, आरोपाआधी पुरावा. गावातल्या कुणाला राक्षस म्हणायचं असेल तर दोन वेगळ्या जातीच्या चाहुली हातात हव्यात, एक ऐकलेली आणि एक पाहिलेली, असं काहीतरी. एकाच संशयावर कुणाला धरलं आणि तो माणूस निघाला, तर गाव दारं लावून घेतं. मुक्काम नाही, धान्य नाही, वाटाड्या नाही, मोहीम संपेपर्यंत.

सर लगेच तयार झाले. त्यांनी त्यात एक भर घातली: ज्याच्यावर खोटा आळ आला त्याच्या घरी जाऊन भरपाई देण्याचा प्रसंगही लिहायचा. लिहिला.

२९ जून

पाटणादेवीला जाऊन आले. गावापासून अठरा-वीस किलोमीटर. दोन पाऊस झालेत, गौताळ्याच्या डोंगरांना हिरवं फुटलंय. महादेवाच्या हेमाडपंती देवळात बराच वेळ बसले. इथे सापडलेला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यानं त्याला दान दिलं, असं त्या लेखातून कळतं. आमच्या मोहिमेतला मठ तोच. चांगदेवांना मात्र मी पात्र करणार नाही, ते दरबारी गेलेले असतील. मठातले आचार्य आणि विद्यार्थी सगळे कल्पित.

कामाच्या नोंदी: केदारकुंडाजवळ पाण्याच्या आवाजात दहा पावलांवरची हाक नीट ऐकू येत नाही, म्हणून धबधब्यापाशी ऐकण्याला प्रतिकूलता. देवळात उजेड तिरपा येतो आणि झिजलेल्या फरशीवर साचलेल्या धुळीत पावलं स्पष्ट उठतात, कंदिलाचीही गरज नाही. वडाखालच्या ओल्या पाचोळ्यावर चाललं तर आवाज होत नाही, पण पाचोळ्याची काळी ओली बाजू वर येते आणि बराच वेळ तशीच राहते. हे कुठल्या नियमपुस्तकात नसतं, इथे येऊनच कळतं.

१३ जुलै

पहिलं सेशन. मठातून एक शिष्य पोथी घेऊन निघालाय, त्याच्या मागावर इन्व्हिजिबल स्टॉकर. हा वाऱ्यापासून झालेला जीव कायमचाच अदृश्य. ज्यानं बोलावलं त्यानं सावज दाखवून दिलं की त्याची दिशा आणि अंतर याला सतत कळत राहतं. त्याला चुकवून पळता येत नाही, त्याला शोधावंच लागतं.

दादानं लगेच राख पसरली. ठसा नाही. स्टॉकर तरंगतो, पाय टेकवतच नाही. भाचीनं सगळ्यांना लांब उभं करून डिटेक्ट मॅजिक टाकला. काही नाही. त्याच्या अदृश्य असण्याला नियमात कुठेही जादू म्हटलेलं नाही, तो स्वभावतःच तसा आहे, म्हणून मंत्र गप्प. सी इन्व्हिजिबिलिटी तिच्याकडे होता, पण त्या पातळीचे मंत्र आदल्या लढाईत संपलेले. टेबलावर खरी शांतता पसरली.

मी फक्त माझ्या कागदावरची चाहूल वाचत राहिले. धर्मशाळेच्या भिंतीत ओळीनं कोनाडे, प्रत्येकात पणती. पहिल्या पणतीची ज्योत आतल्या बाजूला झुकली, सरळ झाली. राखेच्या कडेवरून थोडी राख उडाली. मग दुसरी ज्योत.

दादा अहिराणीत म्हणाला, "ताई, वारा कथाईन उना? दार ते बंद शे ना!" वारा आला कुठून, दार तर बंद.

वहिनी पणत्या मोजत होत्या. तिसरी झुकली तसा त्यांनी त्याच कोनाड्यापुढे फेअरी फायर टाकला. २० फुटांचा घन, त्यात जे जे सापडेल त्याच्याभोवती रंगीत उजेडाची कड उमटते. स्टॉकरचा डेक्स्टेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, फासा हुकला आणि शिष्याच्या डोक्यावर हात उगारलेली हिरवी आकृती हवेत उभी राहिली. फेअरी फायर कुठे टाकायचा हे आधी कळावं लागतं, मंत्र ते सांगत नाही. ते वहिनींनी पणत्यांवरून काढलं. या प्रकल्पातून मला जे हवं होतं ते आज टेबलावर घडलं.

२७ जुलै

हिरवटचं सेशन. वाद झाला आणि तो चांगला झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

हॅगला स्वतःला अदृश्य करता येतं, आणि नियम म्हणतो की त्या अवस्थेत ती आपल्या येण्याजाण्याचा कोणताही भौतिक पुरावा मागे ठेवत नाही. तिचा माग फक्त जादूनंच काढता येतो. माझी सगळी मांडणी चाहुलीवर उभी, आणि ही तीच पुसून टाकणारी. दादाचा रेंजर, म्हणजे रानातला माग काढणारं पात्र, माग काढायला बसला, फाशावर वीस आले. मी सांगितलं, पुढे ठसे नाहीत. "वीस टाकले ना ताई!" बरोबर आहे, पण जे उमटलंच नाही ते कितीही मोठ्या आकड्यानं दिसणार नाही.

मग मी त्याला वीसचं जे खरं फळ होतं ते दिलं. चिखलात व्यापाऱ्याच्या जोड्यांचे ठसे आंब्याच्या झाडापर्यंत येतात आणि तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी उमटून थांबतात. उडी नाही, वळण नाही, झाडावर चढताना सोललेली साल नाही. पुसून टाकण्याची ताकद अदृश्य झाल्यापासूनची, त्याआधीची नाही. ठसे जिथे तुटले तिथे व्यापारी माणूस नव्हता हे उघड झालं.

दुसरी चाहूल बेडकांची. शेताच्या बांधावर डरावडराव चाललेलं, ते एका पट्ट्यात थांबलं आणि तो पट्टा ओढ्याकडे सरकत गेला. सरांनी हरकत घेतली: बेडूक गप्प होणं हाही पुरावाच, मग तो नियमात कसा बसतो? माझं म्हणणं, नियम मागे उरणाऱ्या भौतिक खुणांबद्दल आहे, जिवंत प्राण्यांनी त्या क्षणी घाबरण्याबद्दल नाही. सरांना पूर्ण पटलेलं नाही. दुसऱ्या डीएमनं वेगळा निर्णय दिला तर तोही मी मान्य करेन, पण आमच्या टेबलावर बेडूक राहतील.

पुढे तिनं ओढ्यापलीकडून शिष्याच्या आवाजात हाक मारली. आवाजाची नक्कल ओळखायला इनसाइटमध्ये, म्हणजे खरंखोटं ओळखण्याच्या कौशल्यात, १४ लागतात. वहिनींनी फासा टाकायच्या आधीच सांगितलं, रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. कुणी ओ दिली नाही. फासा टाकला तो नंतर, आणि सुटलासुद्धा.

३ ऑगस्ट

कानबाई, आमचा खानदेशातला देवीचा सण. घरोघर रोट, खेळ नाही. शेवटच्या राक्षसाच्या सेशनची तयारी उद्यापासून.

१७ ऑगस्ट

शेवटचा राक्षस, आणि त्याचं नावच राक्षस. या खेळानं आपल्याकडून घेतलेला, वाघाच्या तोंडाचा, उलट्या हातांचा: तळवा जिथे असायचा तिथे हाताची पाठ. ५.१ मध्ये त्याच्याकडे एक भयंकर गुण आहे. त्याची इच्छा नसेल तर सहाव्या आणि त्याखालच्या पातळीच्या मंत्रांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि त्या मंत्रांनी तो ओळखूही येत नाही. सत्य रूप दाखवणारा ट्रू सीइंग हा मंत्र नेमका सहाव्या पातळीचा.

मठात तो परदेशी पंडित म्हणून राहिलेला. आचार्यांनी सरांच्या क्लेरिकवर, म्हणजे पुजारी पात्रावर, ट्रू सीइंग टाकला, त्यासाठी लागणारं केशर-अळंब्यांचं अंजनही दिलं. सरांनी पंडिताकडे पाहिलं. पंडितच दिसला. सरांचा युक्तिवाद: मंत्र माझ्या डोळ्यांवर आहे, त्याच्यावर नाही. मी नियमातला 'ओळखूही येत नाही' हा भाग वाचून दाखवला. तो नसता तर सरांचं बरोबर ठरलं असतं. तळघरात मी जेम ऑफ सीइंग हा जादूचा खडा ठेवला होता. तो मंत्र टाकत नाही, धरणाऱ्याला थेट सत्यदृष्टी देतो, म्हणून तो चालला असता. त्याची गरजच पडली नाही.

राक्षस रूप बदलतो ते डिसगाइज सेल्फ मंत्रानं. तो एक तास टिकतो. राक्षस तो हवा तेवढ्या वेळा टाकू शकतो, पण दर वेळी उच्चार आणि हातवारे करावेच लागतात, म्हणजे दर तासाला कुठेतरी एकांतात जावं लागतं. मठात वेळ मोजायला घटिकापात्र आहे, तळाला बारीक छिद्र असलेलं तांब्याचं वाडगं. पाण्यावर ठेवलं की २४ मिनिटांत भरून बुडतं, एक घटका झाली. पाळीवरचा विद्यार्थी प्रत्येक घटकेला पाटीवर रेघ मारतो आणि कोण कधी सभेतून उठलं तेही लिहितो. ती पाटी मी खेळाडूंच्या हातात खरोखर दिली, खडूनं लिहून. भाचीनं त्यावर बोट फिरवलं. पंडित दर वेळी अडीच घटका पुऱ्या व्हायच्या आत उठून गेलेला. अडीच घटका म्हणजे ६० मिनिटं. ती काहीच बोलली नाही, आधी मंत्राचं पान उघडून वेळ पाहिली आणि मग पाटी वहिनींपुढे सरकवली.

ही एक चाहूल झाली. आरोपाला दुसरी हवी, आणि ती वहिनींनी काढली: "त्याले तीर्थ दी दखू."

आरतीनंतर आचार्यांनी सगळ्यांना तीर्थ दिलं. पंडितानं उजवा हात पुढे केला, भ्रमात तळव्याची ओंजळ नीट दिसत होती. पळीतलं पाणी पडलं आणि ओंजळीत न थांबता हाताच्या पाठीवरून दोन्ही बाजूंनी ओघळून गेलं. डोळ्यांना खळगा दिसतोय आणि पाणी उंचवट्यावरून घसरतंय. भ्रम स्पर्शाला टिकत नाही, या साध्या नियमाचा याहून नेमका उपयोग मी कुणाला करताना पाहिलेला नाही. आणि हे करताना कुणाच्या अंगाला झोंबावं लागलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. पंडित खरा माणूस असता तर तो तीर्थ पिऊन मोकळा झाला असता.

राक्षस पळाला. तो ज्या ताकदीचा आहे त्या मानानं टोळी लहान आहे, लढाई मी लादली नाही.

२४ ऑगस्ट

चाहुलींचा तक्ता दुरुस्त केला. प्रत्येक राक्षसाच्या ओळीत आता चार रकाने: काय लपतं, काय लपत नाही, कुठला मंत्र चालतो, कुठला चालत नाही आणि का. स्टॉकरच्या ओळीत पाऊल खोडून वारा आणि ज्योत. हॅगच्या ओळीत 'अदृश्य व्हायच्या आधीचे ठसे'. राक्षसाच्या ओळीत तासाची मर्यादा आणि उलटा तळवा. २०२४ च्या नव्या नियमांत राक्षसाचा तो गुण बदललाय, ओळखण्यापुरतं म्हटलं तर मंत्रांनी त्याचे विचार, जात किंवा वृत्ती कळत नाही आणि दुरून त्याच्यावर पाळत ठेवता येत नाही, एवढंच उरलंय. नव्या नियमांवर खेळणाऱ्यांसाठी तशी टीप घातली: तिथे ट्रू सीइंग चालू द्यावा.

सी इन्व्हिजिबिलिटीबद्दलही निर्णय लिहून टाकला. २०१४ च्या, म्हणजे जुन्या नियमांच्या, शब्दांप्रमाणे अदृश्य शत्रू तुम्हाला दिसत असला तरी त्याला हल्ल्याची अनुकूलता राहते, असा अर्थ निघतो. तो आम्ही मानणार नाही. ज्याला दिसतंय त्याच्याविरुद्ध अनुकूलता नाही. नव्या आवृत्तीनंही हेच केलंय.

डॉपेलगँगरची ओळ कोरी आहे. त्याला हात लावून कळत नाही, पावलं माणसाचीच पडतात, आणि ६० फुटांतल्या माणसाच्या मनात वरवर चाललेलं तो वाचतो, म्हणजे फक्त आपल्यालाच ठाऊक असलेला प्रश्न विचारला तरी उत्तर आपल्याच डोक्यातून उचलेल. भाचीचं म्हणणं, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसावं. उत्तर दुसऱ्या माणसाकडे, ६० फुटांच्या बाहेर ठेवावं. हे चालेल असं वाटतंय. तिनंच ती ओळ लिहायची, गणपती उठल्यावर धाब्यावर खेळून पाहू.